दिवस लहान झाले की आजी-आजोबा गप्प का होतात: थोडी पार्श्वभूमी

दिवस लहान व्हायला लागले की घरातली म्हातारी माणसं हळूहळू गप्प होत जातात, दुपारी चारलाच पडदे ओढून घेतात, फोन आला तर दोन वाक्यांत "बरंय, ठेवते" म्हणून ठेवून देतात, आणि आपण म्हणतो वय झालंय, चालायचंच. हे "चालायचंच" डॉक्टरांच्या तोंडीसुद्धा फार वर्षं होतं.

ऋतू आणि मनाचा संबंध प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावरच्या जुन्या ग्रंथांतही सापडतो. पण म्हाताऱ्या माणसाला बोलून बरं करता येईल का, यावर मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने 1905 मध्ये छापलेल्या लेखात जवळपास दारच लावून टाकलं. पन्नाशीच्या आसपास मनाची लवचिकता संपते, असं त्याचं म्हणणं. तेव्हा तो स्वतःच पन्नाशीला टेकला होता आणि त्यानंतर तीसेक वर्षं नवं नवं लिहीत राहिला! त्याच्याच परंपरेतल्या कार्ल अब्राहमने 1919 मध्ये उलट मांडलं की पेशंटचं वय किती यापेक्षा आजार कुठल्या वयात सुरू झाला ते महत्त्वाचं, पण ते फारसं कुणी ऐकलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर. म्हातारी माणसं जुन्याच गोष्टी पुन्हापुन्हा सांगतात, त्याला तोवर बुद्धी मंदावल्याची खूण समजायचे. 1963 मध्ये त्याने लिहिलं की माणूस आयुष्याचा हिशोब मांडत असतो, ते ऐकून घ्या, त्यातून मन सावरू शकतं. मग 1980 च्या दशकात येसावेज आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांसाठी डिप्रेशनची वेगळी प्रश्नावली केली, 30 प्रश्न, उत्तरं फक्त हो किंवा नाही. झोप येत नाही, अंग दुखतं असले प्रश्न त्यात मुद्दाम ठेवले नाहीत, कारण ते त्या वयात एरवीही असतंच. त्याऐवजी बाहेर जाण्यापेक्षा घरातच बसावंसं वाटतं का, असं विचारलं.

उजेडाची गोष्ट वेगळ्याच वाटेने आली. 1980 मध्ये आल्फ्रेड ल्युई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसाचं मेलाटोनिन (अंधारात शरीरात वाढणारं, झोपेशी जोडलेलं संप्रेरक) दाबायला घरातला साधा दिवा पुरत नाही, 2500 लक्ससारखा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रखर उजेड लागतो. 1984 मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या डिप्रेशनला नाव दिलं आणि लाइट थेरपी सुरू झाली. पुढे 10,000 लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास, हा नेहमीचा डोस ठरला.

पण ज्येष्ठांचा विचार यात उशिराच आला. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, बाहुली लहान होते, म्हणजे त्याच खोलीत नातवापेक्षा आजोबांच्या डोळ्यात कमी उजेड पोचतो, त्यात खुर्ची आतल्या कोपऱ्यात असेल तर बघायलाच नको. 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीत 60 च्या पुढच्या 89 जणांना, ज्यांचं डिप्रेशन ऋतूचं नव्हतंच, तीन आठवडे सकाळी उजेड दिला आणि मंद लाल दिव्यापेक्षा त्याचा फायदा दिसला. तरी डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर (कधी डिप्रेशन, कधी अतिउत्साह असा आजार) असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा दिवा लावायचा नाही, हे लक्षात ठेवाच.

मग बोलण्याच्या थेरपीचं काय? मानसशास्त्रज्ञ केली रोहनने हिवाळ्यातलं डिप्रेशन असलेल्या 177 प्रौढांवर सहा आठवडे लाइट थेरपी आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) यांची तुलना केली. लगेचचा परिणाम दोन्हींचा सारखाच, पण दोन हिवाळ्यांनंतर उजेडवाल्यांपैकी सुमारे 46 टक्क्यांचं डिप्रेशन परतलं, सीबीटीवाल्यांपैकी 27 टक्क्यांचं. त्या सीबीटीत "आता काय, हिवाळा आला, सगळं संपलं" हा विचार पकडून तपासायला शिकवतात आणि आवडीचं काहीतरी ठरवून करायला लावतात. आपल्या आजीच्या बाबतीत ते काहीतरी दुपारी चारच्या आधी ठरलेलं हवं, पडदे ओढले जायच्या आत.