किह्नु

किह्नु : एस्टोनियाच्या पॅर्नू जिल्ह्यातील बेट आणि त्याच नावाचा ग्रामीण पालिका-विभाग. एस्टोनियन भाषेत अशा विभागाला ‘वाल्ड’ म्हणतात. आपल्या ग्रामपंचायतीशी त्याचे साम्य आहे, पण एका वाल्डमध्ये सहसा बरीच गावे येतात आणि शाळा, रस्ते, समाजकल्याण अशी पालिकेची कामेही त्याच्याकडे असतात. किह्नुचा कारभार चारच गावांचा : लेम्सी, लिनाक्युला, रोत्सीक्युला आणि सॅरे.

रिगाच्या आखातातील हे बेट सुमारे ७ किमी. लांब, ३.३ किमी. रुंद आणि १६.४ चौ. किमी. क्षेत्रफळाचे आहे. भूमी इतकी सपाट, की सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून ९ मी. भरत नाही. नोंदणीकृत लोकसंख्या सातशेच्या आसपास आहे. २०१७ साली एस्टोनियाने छोट्या पालिका एकमेकींत विलीन केल्या. त्यांची संख्या २१३ वरून ७९ वर आली. पालिकेला किमान ५,००० रहिवासी हवेत, असा त्यामागचा निकष होता. समुद्री बेटांना मात्र सवलत मिळाली, म्हणून किह्नुचा वाल्ड टिकला.

‘क्युला’ म्हणजे गाव. रोत्सीक्युला या नावाचा शब्दशः अर्थ ‘स्वीडिश गाव’. बेटाच्या दक्षिण टोकाचे दीपगृह याच भागात आहे. १८६४ मध्ये उभारलेल्या या दीपगृहाचे ओतीव लोखंडी भाग इंग्लंडमध्ये घडवून आणले होते. मुख्य भूमीवरील मुनालाइडहून येणारी फेरीबोट लेम्सीतील सुआरू बंदराला लागते. संग्रहालय आणि संत निकोलसचे चर्च लिनाक्युलात आहे. १७८४ साली बांधलेले हे चर्च मूळचे ल्यूथरपंथी. १८४० च्या दशकात बहुतेक बेटकऱ्यांनी ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला आणि इमारतही त्या पंथाकडे गेली.

कडक हिवाळ्यात समुद्र पुरेसा गोठला, तर बेट आणि मुख्य भूमी यांदरम्यान अधिकृत बर्फरस्ता खुला करतात. त्यावर गाडी चालवताना सीटबेल्ट लावायचा नसतो : बर्फ फुटलाच, तर झटकन बाहेर पडता यावे. वेगाचा नियमही उफराटा आहे. ताशी २५ किमी.च्या आत किंवा ४० ते ७० किमी. चालते, मधला वेग टाळायचा, कारण त्याने बर्फाखालच्या पाण्यात उठणाऱ्या लाटा बर्फ फोडू शकतात.

किह्नुचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, सीलची शिकार आणि जहाजावरील नोकरी यांसाठी बाहेर असत. त्यामुळे शेती, गुरे, घर आणि सणवार बायकांच्या हाती आले. बाहेरचे पत्रकार यावरून ‘बायकांचे बेट’ असे मथळे देतात. ते अतिशयोक्त आहे; वाल्डची परिषद इतर ठिकाणांसारखीच निवडणुकीने ठरते. परंपरा सांभाळण्याचे काम मात्र खरोखर बायकांनीच केले. ‘क्योर्त’ हा उभ्या पट्ट्यांचा लोकरी घागरा त्या घरी विणतात आणि आजही नेसतात. त्याच्या रंगांवरून नेसणारीची अवस्था ओळखता येते : लाल रंग तारुण्याचा आणि आनंदाचा, घरात मृत्यू झाला, की गडद पट्टे येतात. वरचा एप्रन फक्त विवाहितेचा. घागरा नेसून मोटारसायकलवर निघालेली आजीबाई हे किह्नुचे नेहमीचे छायाचित्र आहे. पर्यटकांना ते नवलाचे वाटते, बेटावर ती रोजची ये-जा आहे.

लग्नसमारंभात गायिली जाणारी जुनी गाणी ख्रिस्तपूर्व परंपरेतील मानली जातात. ‘किह्नुचा सांस्कृतिक अवकाश’ युनेस्कोने २००३ मध्ये गौरविला आणि २००८ मध्ये अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेतला. त्यात शेजारचे मनिया हे छोटे बेटही येते. किह्नुवर जमीन पुरेना, तेव्हा १९३३ मध्ये इथली काही कुटुंबे तिकडे वसली. मनिया मात्र किह्नु वाल्डमध्ये नाही.

बेटाचा लोकनायक म्हणजे ‘किह्नु यन’ या नावाने ओळखला जाणारा कप्तान एन उएटोआ (१८४८–१९१३). डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडालेल्या या कप्तानाचे अवशेष १९९२ मध्ये बेटावर आणून पुरण्यात आले. गायिका विर्वे क्योस्टर (जन्म १९२८) ‘किह्नु विर्वे’ म्हणून देशभर प्रसिद्ध आहे; २०१५ पासून मुनालाइडच्या मार्गावर असलेल्या फेरीबोटीला तिचेच नाव आहे.