सैनिकी निवासी निवड (अमेरिका)

अमेरिकेचे भूदल, नौदल व वायुदल यांच्या खर्चाने शिकणाऱ्या वैद्यक विद्यार्थ्यांना रेसिडेन्सीची (पदवीनंतर रुग्णालयात घ्यायच्या विशेषज्ञ-प्रशिक्षणाची) जागा ठरवून देणारी वार्षिक निवडप्रक्रिया. बोलण्यात ‘मिलिटरी मॅच’ हेच नाव रूढ आहे. प्रत्यक्षात ही निवड तिन्ही दलांचे संयुक्त पदव्युत्तर वैद्यक शिक्षण निवड मंडळ करते. अंतिम वर्षात लष्करी रुग्णालयांत करावयाची रोटेशने, म्हणजे आपल्याकडची ‘पोस्टिंग’, हा तिचाच पूर्वार्ध मानला जातो. मरीन कोअर या नौदलाशी जोडलेल्या लढाऊ दलाची वैद्यकीय सेवा नौदलच पाहते, म्हणून मंडळात दले तीनच.

या पद्धतीचा उगम दोन प्रकारे सांगितला जातो. एका मतानुसार आरंभ २१ सप्टेंबर १९७२ च्या कायद्यापासून धरावा. या कायद्याने आरोग्य व्यवसाय शिष्यवृत्ती सुरू झाली आणि बेथेस्डा येथील सैनिकी वैद्यक विद्यापीठाचा पाया घातला गेला. लुइझियानाचे काँग्रेस सदस्य एफ. एडवर्ड हेबर्ट यांनी त्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. विद्यापीठाची पहिली तुकडी १९७६ मध्ये दाखल झाली व १९८० मध्ये पदवीधर झाली. तेथील वैद्यक शाळेला हेबर्ट यांचेच नाव आहे. दुसरे मत आणखी मागे जाते. कोरियन युद्धामुळे सप्टेंबर १९५० मध्ये डॉक्टरांसाठी वेगळा सक्तीभरतीचा कायदा झाला. त्यातून उद्भवलेली ओढाताण मिटवण्यासाठी १९५४ च्या सुमारास छातीचे शल्यविशारद व संरक्षण खात्यातील अधिकारी फ्रँक बेरी यांनी ‘बेरी योजना’ आखली. तिच्यात तरुण डॉक्टरांपुढे तीन वाटा होत्या: इंटर्नशिप (पदवीनंतरचे प्रशिक्षणाचे पहिले वर्ष) संपताच सेवेत जाणे, रेसिडेन्सीचे एक वर्ष करून दोन वर्षे सेवा देणे व मग उरलेले शिक्षण पुरे करणे, किंवा विशेषज्ञ होऊनच गणवेश चढवणे. १९७३ मध्ये सक्तीभरती थांबली आणि योजनेचे प्रयोजनही संपले.

पहिले मत अधिक ग्राह्य दिसते. बेरी योजनेत शिक्षणाचा खर्च सरकार करीत नव्हते, आणि तिचे डॉक्टर बहुधा मुलकी रुग्णालयांतच तयार होत. तरीही आजच्या पद्धतीतील ‘मुलकी स्थगिती’, म्हणजे सेवा पुढे ढकलून आधी मुलकी रुग्णालयात रेसिडेन्सी करण्याची मुभा, हा पर्याय वृत्तीने बेरी योजनेचाच वारस आहे, एवढे दुसऱ्या मताच्या बाजूने मान्य करावे लागते.

‘मॅच’ हा शब्द दिशाभूल करणारा आहे. १९५२ पासून चालणाऱ्या मुलकी राष्ट्रीय मॅचमध्ये विद्यार्थी व रुग्णालये आपापला पसंतीक्रम देतात आणि जोड्या गणिती रीतीने लागतात. या रीतीची पुनर्रचना करणारे ॲल्विन रॉथ आणि तिच्यामागील सिद्धान्ताचे एक जनक लॉइड शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सैनिकी निवडीत असे यंत्र नाही. येथे माणसे एका टेबलाभोवती बसतात. कोणत्या विषयात किती जागा हे प्रत्येक दल आपल्या भावी गरजेवरून आधी ठरवते. मग परीक्षक अर्जांना गुण देतात आणि त्या-त्या विषयाचे प्रोग्राम डायरेक्टर (रुग्णालयातील रेसिडेन्सीचे प्रमुख) व सल्लागार यादी लावतात. गुणांत शैक्षणिक कामगिरी, संशोधन, पूर्वीची लष्करी सेवा व ‘अधिकारी म्हणून भवितव्य’ या गोष्टी धरल्या जातात. विद्यार्थ्याची पसंती विचारात घेतली जाते. शेवटचा शब्द सेवेच्या गरजेचा.

म्हणूनच रोटेशनला एवढे वजन. निवड करणारा माणूसच महिनाभर वॉर्डात समोर असतो. शिष्यवृत्तीधारक राखीव दलात सेकंड लेफ्टनंट (नौदलात एन्साइन) असतो आणि त्याला वर्षाला ४५ दिवस पूर्ण पगारी सक्रिय सेवा मिळते. सुरुवातीच्या एखाद्या वर्षी हे दिवस अधिकारी प्रशिक्षणात जातात: भूदलाचे सॅन अँटोनिओला, नौदलाचे न्यूपोर्टला, वायुदलाचे मॉन्टगोमेरीला. शेवटच्या वर्षी तेच दिवस साधारण चार आठवड्यांच्या ‘ऑडिशन’ रोटेशनसाठी राखले जातात. सरकारी आदेशावर गेल्यास प्रवास व निवासाचा खर्च दल उचलते. दुसऱ्या रुग्णालयात आणखी एक रोटेशन हवे असेल, तर ते बहुधा पदरमोड करून. त्यासाठी कॉलेज आणि रुग्णालय यांच्यात करार असावा लागतो, लसीकरणाचे व पार्श्वभूमी तपासणीचे कागद लागतात. कराराचा कागद दोन कायदा विभागांमधून फिरत राहतो, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यातच पत्रव्यवहार सुरू करणे शहाणपणाचे. मागणी अर्थातच मोठ्या रुग्णालयांना असते: बेथेस्डाचे वॉल्टर रीड, सॅन अँटोनिओचे ब्रुक, टॅकोमाजवळचे मॅडिगन, होनोलुलूचे ट्रिपलर, नौदलाची सॅन डिएगो व पोर्ट्समथ येथील रुग्णालये. जिथे जाणे जमत नाही तिथल्या डायरेक्टरला निदान मुलाखत तरी द्यावी लागते.

वेळापत्रक मुलकी मॅचच्या आधी संपते. अर्ज उन्हाळ्यात, कागदपत्रे शरदात, मंडळाची बैठक नोव्हेंबरअखेरीच्या आसपास, निकाल साधारणतः डिसेंबरच्या मध्याला. मुलकी निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो. विद्यार्थी बऱ्याचदा दोन्हीकडे अर्ज करतो, पण लष्करी जागा मिळाली की मुलकी अर्ज मागे घ्यावाच लागतो. निकालाचे मुख्य प्रकार असे: लष्करी रुग्णालयात सलग रेसिडेन्सी, नुसते इंटर्नशिपचे वर्ष, मुलकी स्थगिती, आणि क्वचित, लष्करी पगारावर मुलकी रुग्णालयात प्रशिक्षण. वायुदलाची स्वतःची शिक्षण रुग्णालये कमी असल्याने तेथे स्थगिती तुलनेने अधिक. नौदलात इंटर्नशिपनंतर जहाजावर, मरीन तुकडीत, विमानदळात किंवा पाणबुड्यांच्या सेवेत ‘जनरल मेडिकल ऑफिसर’ म्हणून काही वर्षे काढून मग पुन्हा अर्ज करण्याची जुनी चाल आहे.

खरा गुंता बाँडच्या, म्हणजे बंधनकारक सेवेच्या वर्षांच्या, हिशेबात आहे. चार वर्षांच्या शिष्यवृत्तीला चार वर्षांची सक्रिय सेवा, हे सूत्र सोपे वाटते. इंटर्नशिपचे वर्ष फेडीत धरत नाहीत. लष्करी रेसिडेन्सीची वर्षेही फेडीत येत नाहीत. उलट त्यांचा स्वतंत्र बाँड चढतो. मात्र हा बाँड आणि शिष्यवृत्तीचा बाँड एकाच वेळी फेडता येतात. त्यामुळे तीन वर्षांची बालरोग रेसिडेन्सी केलेल्याला एकूण चारच वर्षे देणे लागते, मज्जाशल्यविज्ञानासारख्या दीर्घ विषयात ती चारांपेक्षा वाढतात. मुलकी स्थगितीत लष्कर पगार देत नाही व बाँडही वाढत नाही. जनरल मेडिकल ऑफिसरची वर्षे मात्र फेडीत धरतात. म्हणून काही जण रेसिडेन्सीविनाच चार वर्षे भरून बाहेर पडतात आणि मग मुलकी मॅचला बसतात. दलाला विशेषज्ञ हवा असतो आणि नियमच डॉक्टरला ही दुसरी वाट दाखवतात, ही विसंगती जुनीच आहे.

शिष्यवृत्तीसाठी अमेरिकन नागरिकत्व व तेथील मान्यताप्राप्त वैद्यक (किंवा ऑस्टिओपॅथिक, ही तिथली डॉक्टरकीची समांतर शाखा) शाळेतील प्रवेश लागतो. भारतातून पदवी घेऊन व्हिसावर गेलेले डॉक्टर तिच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे जन्मलेली मराठी कुटुंबांतील मुले मात्र पात्र ठरतात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याची पदवी शाखा १९६२ मध्ये सुरू झाली, विद्यार्थ्याला रोटेशनसाठी असा पत्रव्यवहार करावा लागत नाही. तेथील आंतरवासिता सेनादलांच्याच रुग्णालयांत होते.