बी पुरणाऱ्या मुंग्या नाहीशा होतात तेव्हा

दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाला फेनबॉस नावाचं झुडपी रान आहे. त्याला काही वर्षांच्या अंतराने आग लागते आणि ती लागावीही लागते. पुष्कळ झुडपं त्यात जळून जातात, आणि पुढची पिढी जमिनीत पुरलेल्या बियांतून उगवते. यातल्या पुष्कळ बिया पुरण्याचं काम मुंग्या करतात.

प्रोटिएसी कुळातल्या अनेक बियांना टोकाशी पांढरट, स्निग्ध गर असतो. त्याला इलायोसोम म्हणतात. मुंगी त्या गरासाठी अख्खी बी ओढत वारुळात नेते आणि गर अळ्यांना भरवते. कडक बी मात्र तशीच जमिनीखाली राहते. तिथे तिला उंदीर खात नाहीत आणि आगीची झळही बेताचीच लागते. जगात 11,000 हून अधिक वनस्पती अशा मुंग्यांवर विसंबून आहेत.

या रानात आर्जेन्टिना मुंगी शिरली. मूळची दक्षिण अमेरिकेतली, लांबी जेमतेम 2-3 मिलिमीटर, पण संख्येच्या जोरावर ती स्थानिक मुंग्यांना हुसकावून लावते. तिलाही गर आवडतो. पण बी तिला उशिरा सापडते, ती बी फारशी हलवत नाही आणि वारुळात तर नेतच नाही. गर खाऊन झाला की बी उघड्यावरच पडते आणि उंदीर-किड्यांच्या तोंडी जाते. बॉन्ड आणि स्लिंग्जबी या संशोधकांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिमेटीस या झुडपाच्या बिया दोन्ही प्रकारच्या मुंग्यांपुढे ठेवल्या आणि नंतर ते जमिनीचे तुकडे जाळले. स्थानिक मुंग्यांच्या तुकड्यांत सुमारे 35 टक्के बिया उगवल्या. आर्जेन्टिना मुंगीच्या तुकड्यांत एक टक्काही नाही!

सगळ्याच झाडांना सारखा फटका बसत नाही. काही बारीक स्थानिक मुंग्या या आक्रमणातही तग धरतात आणि लहान बिया वाहत राहतात. मोठ्या बिया उचलणाऱ्या मोठ्या मुंग्या मात्र हटतात, म्हणून आगीनंतर मोठ्या बियांची झुडपंच जास्त घटतात. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत आशियातून आलेल्या एका दंश करणाऱ्या मुंगीमुळेही बीप्रसार घटलेला दिसला आहे.

मला सर्वांत काळजी वाटते ती या नुकसानीच्या उशिराची. पुढची आग लागेपर्यंत रान हिरवंगार, फुललेलं दिसतं. म्हणून नुसती झुडपं मोजून भागत नाही. बिया जमिनीवर मांडून त्या कोणती मुंगी उचलते, किती लांब नेते आणि वारुळात नेते की नाही, हे आग लागण्याआधीच बघावं लागतं.