बडोद्यात घरातले कुलवृत्तांत आणि इतिहासाची पुस्तकं लायब्ररीला द्यायची असतील तर: कोण देऊ शकतं, अर्ज कसा, कागदपत्रं कोणती

दांडिया बाजार, रावपुरा, खारीवाव भागातली जुनी घरं एकेक करत उतरवली जातायत, तिथे फ्लॅट होतायत, आणि घर रिकामं करताना सगळ्यात शेवटी प्रश्न उरतो माळ्यावरच्या पुस्तकांचा. कादंबऱ्या, दिवाळी अंक कोणीही नेतं. पण कुलवृत्तांत (एका घराण्याच्या सगळ्या शाखांची वंशावळ आणि माहिती असलेलं पुस्तक), घराण्यांचे इतिहास, गायकवाडीतल्या (बडोदा संस्थानातल्या) सरदार-दरकदारांच्या (वंशपरंपरेने हुद्दा असलेल्या अधिकाऱ्यांच्या) हकीकती, छापील वंशावळी, यांचं काय करायचं ते पुढच्या पिढीला कळत नाही कारण मुलं इंग्लिश किंवा गुजराती मीडियममध्ये शिकलेली, आणि मग रद्दीवाला येऊन किलोवर घेऊन जातो. हे फार वाईट होतंय. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून आणला आणि राजवाड्यातली स्वतःची पुस्तकं काढून सेंट्रल लायब्ररीला दिली, त्या शहरात तरी हे होऊ नये. लायब्ररीला पुस्तकं देणं अवघड नाही, फक्त पिशवी भरून काउंटरवर ठेवून यायचं नसतं, त्याला एक पद्धत आहे, ती खाली सांगते.

आधी कुठे द्यायचं ते ठरवा. छापील पुस्तकं असतील तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी, जी आता राज्य सरकारची आहे, किंवा युनिव्हर्सिटीची हंसा मेहता लायब्ररी, किंवा शहरातल्या मराठी संस्थांची ग्रंथालयं. हाताने लिहिलेली संस्कृत पोथी असेल तर १९२७ साली सुरू झालेलं ओरिएंटल इन्स्टिट्यूट, त्यांचं कामच ते. मोडीतले (जुन्या मराठी लिपीतले) कागद, सनदा, हिशेबाची बाडं (गठ्ठे) असतील तर ती लायब्ररीची वस्तूच नाही, ती दप्तरखान्याची, म्हणजे गुजरात स्टेट आर्काइव्हजच्या बडोद्याच्या ऑफिसची. आणि मराठेशाहीच्या इतिहासाचं काही खास असेल, आणि बडोद्यात ते वाचणारं कोणी उरणार नाही असं वाटत असेल, तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तेही १९१० चंच. माझं मत विचाराल तर बडोद्याच्या घराण्यांचं बडोद्यातच राहू द्या, कारण इथल्या घरांचा शोध घेणारा माणूस आधी इथेच येणार.

पात्रता म्हणजे काय, तर पुस्तक तुमच्या मालकीचं हवं आणि तुम्ही सज्ञान हवेत, बस. खरी अडचण येते ती आजोबा-वडील गेल्यावर. पुस्तकं वडिलांची होती आणि मृत्युपत्र नाही, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही, भाऊ, बहिणी, आजी हयात असेल तर आजीसुद्धा, सगळ्यांची ती मालमत्ता झाली. बहिणीचं लग्न झालंय म्हणून तिला विचारायचं नाही असं करू नका, तिचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे आणि पुष्कळदा घराण्याच्या पुस्तकांचं प्रेम तिलाच जास्त असतं. सगळ्या वारसांच्या सहीचं एक संमतीपत्र करून घ्यायचं, बाहेरगावी असतील त्यांनी सही करून स्कॅन पाठवला तरी बहुतेक ठिकाणी सुरुवातीला चालतं, मूळ कागद नंतर कुरिअरने मागवा. काही लोक सक्सेशन सर्टिफिकेट (वारसाचा कोर्टाचा दाखला) आणायला कोर्टात धावतात. ते येणी रक्कम, शेअर्स, बँकेतला पैसा अशा गोष्टींसाठी असतं, पुस्तकांसाठी त्याची गरज नाही.

आता कायद्याचं थोडं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम १२३ सांगतं की जंगम वस्तूचं दान नुसतं हातात देऊनही पुरं होतं, रजिस्ट्रेशन लागतंच असं नाही. म्हणजे पुस्तकांसाठी सब-रजिस्ट्रारकडे जायची गरज नाही, एक सहीचं दानपत्र आणि लायब्ररीची पोच पुरते, एखाद्या संस्थेने स्टॅम्प पेपरवर हमीपत्र मागितलं तर तेवढं करून द्या. पण दिल्यावर मन बदललं म्हणून परत मागता येत नाही हे पक्कं लक्षात ठेवा, ज्या प्रतीवर जीव आहे ती देऊच नका, स्कॅन करायला तात्पुरती द्या आणि परत घ्या, तसं वेगळं पत्र करता येतं. आणि पुस्तकं दिल्याची इन्कम टॅक्समध्ये देणगीची सूट (लोक जिला ८०जी म्हणतात ती) मिळत नाही, ती फक्त पैशाच्या देणगीला आहे.

कागदपत्रं फार नाहीत. ग्रंथपालांच्या नावाने अर्ज, पुस्तकांची यादी दोन प्रतींत, ओळखपत्राची झेरॉक्स (आधार देत असाल तर मास्क्ड, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात), मूळ मालक हयात नसतील तर मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स आणि वर सांगितलं ते वारसांचं संमतीपत्र. सरकारी लायब्ररी असेल तर अर्ज गुजरातीत किंवा इंग्लिशमध्ये लिहा, पुस्तकांची नावं मात्र देवनागरीतच ठेवा आणि प्रत्येक नावाखाली गुजरातीत एक ओळ, की हा अमुक आडनावाच्या घराण्याचा इतिहास आहे, मूळ गाव अमुक, बडोद्यातली शाखा तमुक. टेबलावरच्या माणसाला मराठी येईलच असं नाही आणि नुसतं नाव वाचून त्याला हे काय पुस्तक आहे ते कसं कळणार.

यादी, आणि तिच्यातला शेरा

सगळा खेळ यादीचा आहे. अर्ज कोणीही लिहितं, पण पुस्तक घ्यायचं की नाही हे ठरतं यादीवरून, आणि लोक यादी करतात ती अशी: "जुनी मराठी पुस्तके, ४० नग". अशी यादी आली की लायब्ररी नाही म्हणते आणि त्यांचं चुकतही नाही, त्यांच्याकडे जागा कमी आहे, माणसं कमी आहेत, आणि भेट म्हणून येणाऱ्या गठ्ठ्यांत निम्मी जुनी गाइडं असतात. म्हणून प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक किंवा संपादक, प्रकाशक आणि गाव, साल (शके असेल तर तेही, ७८ मिळवले की इसवी सन येतं, पौषापासून पुढच्या महिन्यांत ७९ पण होतात), आवृत्ती, पानं, बांधणीची अवस्था, आणि शेवटी शेरा.

हा शेऱ्याचा रकाना रिकामा सोडू नका. कारण असं होतं की तुमच्याकडचा कुलवृत्तांत लायब्ररीत आधीच आहे, म्हणून डुप्लिकेट म्हणून तो परत येतो. पण घरातली प्रत आणि लायब्ररीतली प्रत एक नसते! कुलवृत्तांत छापून आला की त्या घरातली माणसं त्यात पेनने भर घालत जायची, जन्म झाला की तिथी लिहायची, कोणी गेलं की समोर शके आणि महिना, पान पुरलं नाही तर चिठ्ठी डकवायची. बऱ्याच जुन्या कुलवृत्तांतांत मुलींची नोंद एका ओळीत आटपलेली असते, नाव आणि फार तर दिलेल्या घराचं आडनाव, आणि मग कोणीतरी आजी, आत्या शाईने बाजूला लिहून ठेवते की हिचं सासरचं नाव हे, यजमान अमुक खात्यात, मुलं इतकी. ही माहिती जगात दुसरीकडे कुठेच नाही, छापील प्रतीत नाही, सरकारी दप्तरात नाही. तिच्यावरून तीन-चार घराण्यांचे धागे जुळतात. तर शेऱ्यात स्पष्ट लिहा: "पृष्ठ अमुक ते अमुक हस्तलिखित भर, अंदाजे काळ १९३५ ते १९६०, डकवलेल्या चिठ्ठ्या सात, वंशवृक्षाची घडीची पानं दोन, त्यातलं एक घडीवर फाटलेलं." असा शेरा असला की ते पुस्तक डुप्लिकेट राहत नाही, आणि समोरचा ग्रंथपाल जाणकार असेल तर तोच फोन करतो.

या पानांचे फोटो द्यायच्या आधी काढून ठेवा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, आणि दोन-तीन फोटोंचे प्रिंट यादीला जोडा. चिठ्ठ्या निघत असतील तर सेलोटेप अजिबात लावू नका, काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि खालची शाई घेऊन निघतो. सुटलेली चिठ्ठी त्याच पानात ठेवून पान नंबर पेन्सिलीने लिहा. वाळवी, कसर असलेली पुस्तकं वेगळ्या पिशवीत बांधून तसं आधीच सांगा, एका पुस्तकातली कीड अख्ख्या कपाटात जाते आणि मग पुढच्या वेळी कोणाचंच घेत नाहीत.

कॉपीराइटबद्दल फार गोंधळ आहे. पुस्तकाचा कागद तुमचा, मजकुराचा हक्क तुमचा नाही, तो लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा. आपल्याकडे मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, एकापेक्षा जास्त लेखक असतील तर जो शेवटी गेला त्याच्यापासून. म्हणजे संपादक १९५० साली वारले असतील तर २०१० अखेर हक्क संपला, पुस्तक स्कॅन करून कुठेही ठेवता येतं. १९७० साली वारले असतील तर २०३० संपेपर्यंत थांबावं लागतं, पण तोपर्यंतही सार्वजनिक लायब्ररीला स्वतःकडच्या पुस्तकाची जतन करण्यासाठी डिजिटल प्रत करून ठेवता येते, ती सगळ्यांना ऑनलाइन वाटता येत नाही एवढंच. तुमच्याच आजोबांनी कुलवृत्तांत संपादित केला असेल आणि तुम्ही वारस असाल तर मात्र अर्जासोबत "स्कॅन करून ऑनलाइन ठेवायला आमची हरकत नाही" असं पत्र सगळ्या वारसांच्या सहीने नक्की द्या, ते पत्र नसल्यामुळे चांगली पुस्तकं कपाटात अडकून पडतात.

हयात माणसांचे पत्ते, फोन नंबर असलेले नवे कुलवृत्तांत देताना कुलमंडळाला (घराण्याच्या ज्या मंडळाने तो छापला त्याला) एकदा कळवा. पुस्तक छापील आहे म्हणून सगळं ऑनलाइन जाऊ द्यावं असं नाही, हयात लोकांची पानं स्कॅनमधून वगळा अशी विनंती करता येते.

पोथ्या आणि हाताने लिहिलेल्या वंशावळींचं प्रकरण वेगळं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक, साहित्यिक वगैरे महत्त्वाची हस्तलिखितं आणि कागद ७५ वर्षांपेक्षा जुने असले की ते पुरावस्तू धरले जातात, बाकीच्या वस्तूंना १०० वर्षांची अट. त्यातही पोथीत चित्रं असतील तर तिची सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि मालकी बदलली की ते कळवावं लागतं, म्हणून चित्रांची पोथी देताना हा विषय आधी काढा. आणि घरातल्या जमिनीचा, वाड्याचा दावा चालू असेल तर मूळ सनद, इनामपत्र देऊ नका, निकाल लागेपर्यंत घरीच राहू दे, हवं तर स्कॅन द्या.

बडोद्यात घरटी एक माणूस अमेरिकेत, त्यामुळे हेही सांगायला हवं. तिकडे साल्ट लेक सिटीत फॅमिलीसर्च या वंशावळी जमवणाऱ्या संस्थेची मोठी लायब्ररी आहे, १८९४ साली स्थापन झालेल्या वंशावळ सोसायटीतून ती उभी राहिली, तिथे जगभरातल्या घराण्यांचे इतिहास दान म्हणून घेतात आणि हक्कदाराची परवानगी असेल तर डिजिटल करतात. नव्याने छापलेला कुलवृत्तांत तिकडे पाठवायला काहीच हरकत नाही, पाठवाच, तिकडे वाढलेल्या नातवंडांना तो तिथे सापडेल. पण पणजोबांच्या हातची ७५ वर्षांपेक्षा जुनी वंशावळ किंवा मोडी बाड बॅगेत घालून नेऊ नका. पुरावस्तू खासगी माणसाने देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. स्कॅन न्या. एखादी जुनी वस्तू पुरावस्तूत मोडते की नाही अशी शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तपासून तसं सर्टिफिकेट घ्यायची सोय आहे.

आणि कोणी नव्याने कुलवृत्तांत काढत असेल तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि आणखी तीन ठरलेल्या लायब्रऱ्यांना स्वखर्चाने पाठवायची असते. खासगी वितरणासाठी आहे म्हणून बरीच कुलमंडळं हे करत नाहीत, करायला हवं, चार सुरक्षित जागा मिळतात.

अर्ज दिल्यावर काय होतं, तर यादी तपासतात, आपल्याकडे काय आहे ते बघतात, मोठ्या ठिकाणी निवड समितीपुढे ठेवतात, याला वेळ लागतो, महिनाभराने विनम्रपणे विचारणा करा. होकार आल्यावरच पुस्तकं न्या. "आमच्या वडिलांच्या नावाचं स्वतंत्र कपाट हवं", "वाचकांना घरी न्यायला द्यायची नाहीत" अशा अटी घातल्या तर बहुतेक संस्था नकार देतात, आणि पुस्तकं विषयाप्रमाणे लागली तरच शोधणाऱ्याला सापडतात. दोन गोष्टी मात्र अट म्हणून नाही, विनंती म्हणून दानपत्रात लिहा: पहिल्या पानावर कोणाच्या संग्रहातून आलं त्याची चिठ्ठी लावावी, आणि पुढे कधी पुस्तक काढून टाकायचं ठरलं तर आधी दुसऱ्या मराठी संस्थेला विचारावं. विनंती अशा शब्दांत असली की सहसा मान्य होते.

पुस्तकं देताना यादीच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या, तीच तुमची पोच. पण पोच म्हणजे नोंद नाही. भेट रजिस्टरमध्ये आलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत चढून त्याला दाखल क्रमांक मिळतो तेव्हाच ते लायब्ररीच्या संग्रहात धरलं जातं आणि कॅटलॉगमध्ये दिसतं, नाहीतर मागच्या खोलीत गठ्ठा बांधलेलाच राहतो. म्हणून काही महिन्यांनी जाऊन दाखल क्रमांक लिहून आणा आणि स्कॅनच्या फोल्डरमध्ये, कुलमंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, पुस्तकाचं नाव, लायब्ररी, क्रमांक, म्हणजे इंदूरच्या किंवा ग्वाल्हेरच्या शाखेतल्या कोणाला लागलं तर त्याला नेमकं कुठे जाऊन काय मागायचं ते कळेल.