लॅपटॉपची बॅटरी आणि नागपूरचा मे

मे महिन्यात भाची सुट्टीवर आली तेव्हा तिच्या दोन वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी तासाभरात मान टाकत होती. बर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्याने सल्ला दिला होता, "बॅटरी पुरी उतरू द्यायची, मंगच चार्जिंगला लावायची." ती इमानेइतबारे तसंच करत होती.

सल्ला खोटा नाही, शिळा आहे. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरल्या, तर त्यांना त्या अर्ध्याचीच सवय लागायची. लॅपटॉपमध्ये आता असते ती लिथियम-आयन बॅटरी. सोनीने ती १९९१ साली बाजारात आणली आणि तिच्या शोधासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं. तिला असली सवय लागत नाही. उलट दरवेळी तळ गाठणं तिला सोसत नाही. आणि किती वेळा चार्जर लावला याचा हिशेब ठेवण्यात अर्थ नाही. ५० टक्के दोनदा भरले तरी चार्जिंगचं पूर्ण आवर्तन एकच.

मग बॅटरी झिजते कशी? इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण हा भाग फार सुंदर आहे.

चार्ज होताना लिथियमचे आयन धन बाजूकडून निघून ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. पूर्ण भरल्यावर साधारण सहा कार्बनमागे एक लिथियम. पण भरलेलं ग्रॅफाइट इतकं आक्रमक असतं की शेजारच्या इलेक्ट्रोलाइटचंच, म्हणजे आयन ज्यातून ये-जा करतात त्या द्रवाचंच, विघटन करू लागतं. त्यातून ग्रॅफाइटवर नॅनोमीटरांत मोजावा असा पातळ थर धरतो, तापत्या दुधावर साय धरते तसा. ही साय आयनांना वाट देते, इलेक्ट्रॉनांना अडवते, म्हणून खालची नासाडी जवळजवळ थांबते. ती नसती तर ही बॅटरी चाललीच नसती. गोम एवढीच की 'जवळजवळ'. साय हळूहळू जाड होतच राहते आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. कारखान्यात भरलं तेवढंच लिथियम. वरून भर पडत नाही. लॅपटॉप कपाटात पडून असला तरी हे चालूच असतं.

या नासाडीला दोन गोष्टी चेव आणतात. एक, भरलेपण: पारंपरिक सेल १०० टक्क्यांना ४.२ व्होल्टवर असतो, तिथे ग्रॅफाइटकडेच नव्हे, धन बाजूलाही इलेक्ट्रोलाइटवर ताण येतो. दुसरी, उष्णता. २५ अंशांवरून ४५ वर गेलो तर केल्विनमध्ये २९८ चे ३१८ झाले, म्हणजे वाढ जेमतेम सात टक्के. तरीही अशा अभिक्रियांचा वेग सुमारे चौपट होऊ शकतो. कारण अभिक्रिया सरासरी रेणू करतच नाहीत. मध्ये ऊर्जेचा डोंगर असतो आणि तो ओलांडतात मूठभर अतिउत्साही रेणू. तापमान जरासं चढलं की सरासरी फारशी हलत नाही, पण या मूठभरांची संख्या घातांकाने वाढते. e चा घात उणे E भागिले RT; इथे E म्हणजे डोंगराची उंची, T म्हणजे केल्विनमधलं तापमान आणि R हा स्थिरांक. गणित नको असेल तर एवढंच धरा: दर १० अंशांना वेग अंदाजे दुप्पट.

आता नागपूर. मे २०२४ मध्ये इथे ५६ अंश नोंदवल्याची बातमी देशभर गाजली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. पण खरे ४५ कमी आहेत का? भाचीची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला, लॅपटॉप गादीवर म्हणजे खालच्या हवेच्या जाळ्या बंद, आणि रात्रभर चार्जिंग. पूर्ण भरलेली, तापलेली बॅटरी, रोज आठ तास. खंडेनवमीला या लॅपटॉपला हळदकुंकू आणि झेंडूचा हारही मिळाला होता. त्याला माझी हरकत नाही, कुंकू जाळीत गेलं नाही म्हणजे झालं.

गेलेलं लिथियम परत येत नाही, तेव्हा तिने नवी बॅटरी घेतली. सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधून दिली. ही सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते. लॅपटॉप गादीवरून टेबलावर आला. दुपारी उन्हात उभ्या गाडीत तो ठेवायचा नाही, महिनाभर वापरायचा नसेल तर अर्धा भरून ठेवायचा, आणि बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जर न लावता थेट दुरुस्तीला न्यायचा.

"अन् मामा, लाइट गेली तर? वीस टक्के कमीच पडतील ना?"

"लाइट जाणार हे आधी कळलं तर त्या दिवशी शंभर कर. रोज नको."

"आणि कूलरसमोर ठेवला तर?"

"ठेव की. शिंतोडे उडणार नाहीत एवढ्या अंतरावर."