ॲव्हरेज वाढवायचे घरगुती प्रयोग : गाडीला हात लावण्याआधी

सर्व्हिसिंगला आलेले बरेच ग्राहक मोबाइलवर एखादा व्हिडिओ पुढे करून विचारतात, "हे आपल्या गाडीला होईल का? ॲव्हरेज वाढतं म्हणे." त्यातले थोडे करण्याजोगे असते, थोडे मुळीच करू नये असे, आणि बाकीच्याने फक्त खिसा हलका होतो. गाडीत स्वतः लक्ष घालणारे गिऱ्हाईक आम्हाला आवडते. पण खर्च करण्याआधी मोजायला शिका.

मोजायचे कसे

डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजाचा असतो. टाकी फुल्ल करा आणि नोझल पहिल्यांदा कट झाली की थांबा. "राउंड फिगर करू का?" याला नाही म्हणा. ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या खेपेला त्याच पंपावर, त्याच पद्धतीने भरा. ४२० किलोमीटर झाले आणि २६.५ लिटर बसले, तर ॲव्हरेज १५.८.

नोझल कट होताना अर्धा लिटर इकडेतिकडे होतोच. पाच लिटर जाळून मोजलेत तर तेवढ्यानेच हिशेब दहा टक्क्यांनी चुकतो. तीस लिटरवर हीच चूक दोन टक्क्यांच्या आत येते. साताऱ्याहून कराडला जाऊन आल्यावर जेमतेम सहा-सात लिटर जळतात, त्यामुळे एवढ्या फेरीत "दीडने वाढलं" म्हणण्याला अर्थ नाही.

एका वेळी एकच बदल करा. मग तो काढून पुन्हा मोजा; ॲव्हरेज पूर्वीच्या आकड्यावर आले, तरच फरक त्या बदलाचा. जुन्या वहीतल्या नोंदींशी तुलना करताना पेट्रोलही पाहा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण एकतृतीयांशाने कमी असते, म्हणून २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये ती शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. त्यात गाडीचा दोष नाही.

आधी काढा, मग लावा

सगळ्यात स्वस्त प्रयोग म्हणजे टपावरचे रिकामे कॅरिअर उतरवणे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, त्यामुळे हायवेवर याचा फरक पडतो. गावातल्या गावात फारसा नाही. बंपरची जाळी पुठ्ठ्याने झाकणे किंवा गाडीखाली सपाट पत्रा बसवणे यामागचे शास्त्र हेच, आणि ते खरे आहे. पण जाळीमागेच एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर असतात. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये जाळी झाकून घाट चढवायला आम्ही सांगणार नाही.

टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, टायरवर छापलेला कमाल आकडा वेगळा. दहा-पंधरा किलोमीटर चालवल्यावर चारही चाकांजवळ हात धरून पाहा (डिस्कला लावू नका, भाजेल). एकच चाक जास्त तापले असेल तर बहुधा ब्रेक चिकटतो आहे. असा ब्रेक सोडवला की कुठल्याही किटपेक्षा जास्त ॲव्हरेज परत मिळते.

मोठे टायर लावल्यावर "ॲव्हरेज पडलं" ही तक्रार अर्धी मीटरची असते. १६५/८० आर १४ च्या जागी १९५/६५ आर १५ लावले तर चाकाचा घेर जवळजवळ अडीच टक्क्यांनी वाढतो आणि मीटर तेवढे किलोमीटर कमी दाखवतो. लहान टायर लावल्यावर ॲव्हरेज "वाढते" तेही असेच.

जे आम्ही करून देत नाही

पाण्यापासून हायड्रोजन बनवणारे किट. त्याला लागणारी वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिनावर फिरतो आणि इंजिन पेट्रोलवर. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घालायचे, तेही दलाली देऊन. पेट्रोलच्या नळीला बांधायच्या चुंबकांनी निदान नुकसान तरी होत नाही.

सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर घालून मिश्रण पातळ करणे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी सोडायला लावणे. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) पेट्रोल पुन्हा वाढवतो. तुमच्या हाती उरतो चेक इंजिनचा दिवा.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढणे. "गाडी गरम होत नाही" म्हणून हे सर्रास केले जाते. इंजिन थंडच राहिले की ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि ॲव्हरेज घसरते. असा काढलेला थर्मोस्टॅट आम्ही परत बसवून देऊ.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) काढणे. पीयूसीत अडकाल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. सीएनजी बसवायचा असेल तर मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद, विमा कंपनीला कळवणे आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी), हे सगळे धरून हिशेब करा.

घाटात न्यूट्रल नको

पसरणीचा घाट न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचते, हा समज कार्ब्युरेटरच्या गाड्यांबरोबरच जायला हवा होता. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते सोडावे लागते. आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. चावी बंद करून उतरू तर नकाच : ब्रेक हलका करणारा बूस्टर दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपतो, पॉवर स्टिअरिंग जाते.

प्रयोग करायचाच असेल तर बाजारात मिळणारे ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र) घ्या. इंजिनाचे तापमान आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्क्यांनी कमी-जास्त करतो तो आकडा) मोबाइलवर दिसतात. ट्रिम सतत अधिक दहा टक्क्यांच्या वर जात असेल, तर कुठूनतरी इंजिनात जादा हवा शिरते आहे किंवा इंधन कमी पडते आहे. येताना तो आकडा आणि निदान तीन टाक्यांची नोंद घेऊन या. काम निम्मे सोपे होते.