झाडावर सहा तास : ट्री सॅडल नेणाऱ्यांसाठी माहिती

आमच्याकडून सॅडल नेलेला ग्राहक पंधरा दिवसांनी परत आला की त्याचं म्हणणं बहुतेक ठरलेलं असतं : "कंबर भरून येते हो, अजून थोडा फोम घालून द्या." फोम घालायला आमची ना नाही. पण त्याआधी आम्ही विचारतो, वरचा दोर किती उंचावर बांधला होता? दुखण्याचं मूळ बहुधा तिथेच सापडतं. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून द्यावं, म्हणून हे पत्रक.

सॅडल म्हणजे कमरेपासून मांड्यांपर्यंत येणारी कापडी झोळी. तिच्या दोन्ही कडांना जोडणारा आखूड दोर म्हणजे ब्रिज. खोडाला बांधलेला वरचा दोर कॅराबिनरने (उघडमीट होणाऱ्या धातूच्या कडीने) ब्रिजमध्ये अडकवायचा, पाय खालच्या फळीवर टेकवायचे आणि खोडाकडे तोंड करून मागे रेलायचं. चढता-उतरताना खोडाभोवती फिरवायचा तो कमरेचा दोर वेगळा. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारे लोक हे वापरतात. तासन् तास झाडावर बसायचं म्हणून तिकडे त्याचे नाना प्रकार निघाले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि त्या कामासाठी आम्ही सॅडल शिवत नाही. आमचे ग्राहक म्हणजे पक्ष्यांचे फोटो काढणारे, घरट्यांचा अभ्यास करणारे आणि हरभरा-तुरीच्या दिवसांत रानडुक्कर आणि रोह्यांपायी (नीलगायींपायी) जागल करणारे शेतकरी. स्वतःच्या शेतातलं झाड असेल तर प्रश्न नाही. जंगलात मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय झाडाला दोर लावू नका. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर बसायचं असेल तर तिथे वन विभागाचं मचाण असतं, सॅडल घरी ठेवा.

दोराची उंची

फळीवर सरळ उभे राहा. वरच्या दोराची खोडावरची गाठ डोळ्यांपासून डोक्याच्या टोकापर्यंतच्या पट्ट्यात कुठेतरी यायला हवी. सुरुवात कपाळापासून करा. गाठ खाली, छातीपाशी आली की माणूस मागे फार कलतो. सगळा भार कमरेवर आणि तळपायांवर येतो. गाठ वर गेली की अंग सरळ होतं आणि भार मांड्यांखाली उतरतो, खुर्चीवर बसल्यासारखा. बराच वेळ बसायचं असेल तर थोडी वर, कॅमेरा घेऊन खोडाच्या दोन्ही बाजूंना वळायचं असेल तर थोडी खाली. हा फरक फुटाचा नसतो, चार बोटांचा असतो.

मागच्या हिवाळ्यात कुही तालुक्यातले एक शेतकरी सॅडल परत करायलाच आले होते. दोन रात्री जागल केली, तिसऱ्या दिवशी वाकता येईना म्हणाले. वर्कशॉपमागच्या कडुनिंबावर त्यांना जमिनीपासून हातभर उंचीवर बसवलं. त्यांनी सवयीने गाठ छातीच्या रेषेत घेतली होती, बैल बांधतात तशी. ती हळूहळू वर सरकवत नेली. भुवयांच्या वर आली तसे ते एकदम गप्प झाले, मग म्हणाले, "आता बसल्यावानी वाटते." सॅडल परत घेऊन गेले.

ब्रिजची लांबी

खुब्यांना दोन्ही बाजूंनी चिमटा बसल्यासारखं वाटत असेल तर ब्रिज आखूड आहे. बाजाराची कापडी पिशवी खिळ्याला टांगून पाहा : बंद आखूड असले की पिशवीचं तोंड आवळलं जातं, लांब असले की सैल राहतं. तसंच हे आहे. ब्रिज थोडा थोडा वाढवत जा, पण बसल्या जागी कॅराबिनर सहज हाताशी येईल इतपतच. झोळीची वरची कड पट्ट्याच्या रेषेत आणि खालची कड ढुंगणाखाली, मांड्या सुरू होतात तिथे असावी. झोळी वर चढली असेल तर कितीही दोर हलवा, सुख लागायचं नाही. मांड्यांचे पट्टे खाली घसरू नयेत इतपतच आवळा. त्यांच्यावर बसायचं नसतं.

आता फोमबद्दल. एक थर आम्ही देतोच. दोन-तीन थर घातले की नागपूरच्या उन्हाळ्यात पाठीमागे घामाचं पोतेरं होतं, आणि ओला फोम कूस बदलताना आवाज करतो. तुमचे पैसे वाचतात म्हणून नव्हे, पण आमचा सल्ला नकोचा.

एका जागी बसू नका

सॅडलची खरी सोय ही की बसणं बदलता येतं. थोडा वेळ रेलून पाय ताठ, थोडा वेळ गुडघे खोडाला टेकवून बसून, थोडा वेळ एका कुशीवर. दर पंधरा-वीस मिनिटांनी बदला, दुखायची वाट पाहू नका. गुडघ्यांना पॅड लागतातच. ऐनाच्या खरबरीत सालीवर अर्धा तास गुडघे टेकवून पाहिलेत की कळेल. बूट कडक तळव्याचे घ्या. स्लीपर घालून फळीच्या कडेवर उभं राहिलं की तळपायात कळ येते.

पायाला मुंग्या आल्या, मांडी बधिर झाली तर लगेच उभे राहून पाय हलवा. पाय अधांतरी ठेवून निपचित लटकणं धोक्याचं असतं : रक्त पायांत साठतं, चक्कर येते, बेशुद्धीही येऊ शकते. आमच्यातलाच एक जण पहिल्या चाचणीत दोन तास हूं की चूं न करता बसला, चिवटपणा दाखवायला. उतरताना डावा पाय पायरीवर पडला की नाही तेच त्याला कळेना. कमरेचा दोर होता म्हणून निभावलं.

जमीन सोडल्यापासून जमिनीला पाय लागेपर्यंत एक तरी दोर अडकवलेला हवा. वरचा दोर ढिला ठेवू नका आणि त्याच्या टोकाला गाठ मारून ठेवा. कुठल्या झाडावर आहात, कधी उतरणार, हे घरी सांगून निघा.

झाड आणि ऊन

कडुनिंब, चिंच, मोह, ऐन ही भरवशाची झाडं. शेवग्यावर बसू नका, लाकूड ठिसूळ. सालई, पांगाराही नको. वाळकं, पोकळ किंवा आग्या मोहोळ लागलेलं झाड तर विचारातच घेऊ नका, आणि लाल मुंग्यांचं घरटं दिसलं तर पुढचं झाड बघा. दोरावर बसल्या बसल्या दोन्ही हातांनी मुंग्या झाडणं जमत नाही. धुऱ्यावर एकटंच उंच झाड असेल आणि आभाळ गडगडत असेल तर उतरा. वीज बहुधा अशाच झाडावर पडते.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा साग उघडाबोडका असतो, त्याची सावली धरून चालत नाही. सूर्य आणि तुमच्यामध्ये खोड येईल असं बसा आणि ऊन फिरेल तसे खोडाभोवती सरका. सॅडलमध्ये हे जमतं, मचाणावर जमत नाही. जानेवारीत उलटं : पहाटे पारा १० च्या खाली येतो आणि न हलणाऱ्या माणसाला तो जास्तच झोंबतो. स्वेटर आधीच घालून चढू नका, चढताना घाम येतो आणि मग तोच गार पडतो. वर जाऊन घाला. जाड कपड्यावर पट्टे पुन्हा जुळवावे लागतात, हे लोक विसरतात.

पाणी हाताशी टांगा. लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली ठेवा, लाजू नका. आणि झाडावर जायच्या आदल्या रात्री सावजी टाळा. का ते लिहायला लावू नका.

सॅडल सांभाळताना

नायलॉनला ऊन आणि आम्ल दोन्ही सोसत नाही. गच्चीवर वाळत ठेवून विसरू नका, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी किंवा फवारणीच्या औषधाच्या खोलीत तर मुळीच ठेवू नका. मळलं तर साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. चढण्याआधी दोर बोटांमधून सरकवत तपासा. कुठे मऊ, चपटा किंवा कडक लागला तर तो दोर बाद. शिलाईचा एक जरी टाका सुटलेला दिसला तर घरच्या मशीनवर मारू नका, आमच्याकडे आणा. शिलाई आम्ही विनामूल्य तपासतो. येताना वरचा दोर, ब्रिज आणि कॅराबिनर सगळंच आणा. नुसतं सॅडल पाहून अर्धंच कळतं.